हात पुरत नाही तेव्हा



भात झोडून झाले, कणग्या भरल्या, की सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना दर शनिवार-रविवारी एक निराळीच वर्दळ दिसू लागते. मुंबई-पुण्याची पोरे-पोरी पाठीवर बोजे घेऊन एस.टी.तून उतरतात, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकतात आणि पहाटे उठून गावामागच्या सुळक्याला भिडतात. दिवसभर कातळाला पालीसारखी चिकटलेली असतात. खालून बघणारी म्हातारी माणसे कपाळावर हात मारून विचारतात, ‘बाबांनो, तिथे काय पुरून ठेवले आहे तुमचे?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या पोरांपाशी नसते आणि माझ्यापाशीही नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू.

पण आता ही वर्दळ शहरातल्या पोरांचीच राहिलेली नाही. तालुक्याच्या कॉलेजात जाणारी आपली मुलेमुलीही दोर घेऊन कड्यावर जाऊ लागली आहेत. जुन्नरकडच्या एका वाचक भगिनींचे पत्र त्याच संबंधात आले आहे. त्यांची मुलगी उंचीला पाच फूट दोन इंच. कड्यावर ठोकलेल्या खिळ्यांवरून चढताना पुढचा खिळा तिच्या हाताला वीतभर कमी पडतो. बरोबरची उंच मुले टपाटप वर जातात, ही मध्येच अडकते, मग तिला वरून दोराने ओढून घेतात आणि वर हसतातही. मुलगी म्हणते, मी हे सोडून देते. आई लिहितात, ‘तिने सोडले तर माझा जीव भांड्यात पडेल हे खरे. पण कुणी हसले म्हणून सोडावे हे मनाला पटत नाही. बुटक्या माणसाने वर पोचायचे कसे, याला काही युक्ती आहे का?’

ताई, युक्ती आहे. एक सोडून चारपाच आहेत. फक्त त्या सांगण्याआधी बाकीच्या मंडळींना हा प्रकार काय आहे ते कळायला हवे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

कडा चढण्याच्या दोन तऱ्हा. एक तऱ्हा म्हणजे कातळातल्या खाचा, कपारी, उंचवटे बोटांनी धरून आणि त्यांवर पाय रोवून चढायचे. दोर असतो, पण तो पडलो तर झेलण्यापुरता. याला मुक्त प्रस्तरारोहण म्हणतात. दुसरी तऱ्हा, जिथे कातळ सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत असतो आणि बोट टेकायलाही जागा नसते तिथली. तिथे चिरेत पोलादी मेख ठोकायची, चीर नसेल तर भोक पाडून बोल्ट बसवायचा, त्याला कडी अडकवायची, कडीला एक लहानशी शिडी टांगायची आणि त्या शिडीत उभे राहून पुढची मेख ठोकायची. हे कृत्रिम प्रस्तरारोहण. बैलाच्या साखळीला उघडझाप करणारी कडी असते ना, तशीच ही कडी. मात्र ती हलक्या धातूची आणि दोन-दोन टनांचा ताण सोसणारी. तिला कॅरॅबिनर म्हणतात. शिडीला नाव आहे एट्रिअर. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ रिकीब. घोड्यावर बसताना पाय ठेवतो ती रिकीब! युरोपात पूर्वी दोरीत लाकडाच्या किंवा अल्युमिनियमच्या पायऱ्या ओवून या शिड्या करीत. आता त्या नायलॉनच्या चपट्या पट्टीच्या शिवलेल्या मिळतात. चार ते सहा पायऱ्या, म्हणजे पायापुरते फास. घडी केली तर पिशवीच्या कोपऱ्यात मावते.

चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि खाली दोर सांभाळणारा सोबती. प्रत्येक खिळ्यावर चढणारा दोर कडीत अडकवत जातो. वरचा खिळा निखळला तर तो खालच्या खिळ्यापर्यंत आणि तितकाच आणखी खाली जातो, मग दोर त्याला धरतो. म्हणून खालचा सोबती गप्पिष्ट नसावा. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर धरणाऱ्याने जसे इकडेतिकडे पाहू नये, तसेच हे आहे.

आपल्याकडे ही दुसरी तऱ्हा फार लागते, कारण आपला सह्याद्री थराथरांचा आहे. अमेरिकेत योसेमिटी नावाचे खोरे आहे, तिथल्या ग्रॅनाइटमध्ये शेकडो फूट सरळ चिरा गेलेल्या आहेत. तिथे मेखा ठोकत जाता येते. आपल्या काळ्या कातळात अशी लांब चीर मिळाली तर नशीब समजायचे. त्यातून १८१८ साली इंग्रजांनी पुष्कळ गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनसारख्या गडांवर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आज बोल्ट आणि दोर लागतो.

आता मुख्य गोष्ट. दोन खिळ्यांमधले अंतर कोण ठरवतो? जो पहिल्यांदा चढतो तो. शिडीत लटकत, एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात हातोडी धरून कठीण कातळात भोक पाडणे हे काम किती किचकट आहे, ते पाथरवटाला विचारा. एकेका भोकाला अर्धा-अर्धा तास जातो. वॉरन हार्डिंग नावाच्या अमेरिकन गड्याने १९५८ साली योसेमिटीतला एल कॅपिटन नावाचा सुमारे ३००० फुटांचा कडा आपल्या सोबत्यांबरोबर पहिल्यांदा सर केला. दीड वर्षाच्या अवधीत मिळून ४५ दिवस ते त्या कड्यावर होते. शेवटच्या रात्री या हार्डिंगने कपाळाला दिवा बांधून, पहाटेपर्यंत हातोडी चालवून २८ भोके पाडली. एवढे कष्ट करणारा माणूस एक तरी भोक वाचवायला बघणारच. म्हणून तो शिडीत जितके ताठ होता येईल तितके होऊन, हात पुरेल तितक्या वर भोक पाडतो. त्याची उंची सहा फूट असेल तर ते सहा फुटी अंतर कातळात कायमचे कोरले गेले. मागून येणाऱ्या सगळ्यांनी मग त्याच्या मापाने चढायचे! गवंड्याने आपल्या उंचीने स्वयंपाकघरात फळी ठोकावी आणि घरातल्या बाईला जन्मभर डबा काढायला पाट घ्यावा लागावा, तसाच हा प्रकार. यात पाट घेणारीचा काय दोष?

लोकांच्या सोयीची शिडी करणारे मात्र अमेरिकेतच, आपल्यासारखे गुरेढोरे राखणारे दोन गावकरी होते, त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वायोमिंग प्रांतात सपाट माळावर एक प्रचंड खडक उभा आहे, डेव्हिल्स टॉवर म्हणजे सैतानाचा बुरूज. पायथ्यापासून ८६७ फूट. चुलीतली लाकडे उभी बांधून ठेवावीत तसे त्याचे दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. विल्यम रॉजर्स आणि विलार्ड रिप्ली या दोघा पशुपालकांनी त्या खांबांमधली एक लांब चीर हेरली आणि ओक, ॲश, विलो अशा झाडांच्या दोन-अडीच फुटी खुंट्या करून त्या चिरेत ठोकत नेल्या. खुंट्यांची बाहेरची टोके लाकडी पट्टीने एकमेकींना जोडली. अशी ३५० फूट शिडी झाली. १८९३ सालच्या ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, रॉजर्स हजारावर लोकांच्या देखत वर गेला. खाली या दोघांच्या बायकांनी खाण्यापिण्याचे दुकान मांडले होते आणि माथ्यावर फडकलेल्या झेंड्याचे तुकडे आठवण म्हणून विकले. व्यवहार बायकांनाच कळतो! पुढे दोन वर्षांनी, १८९५ च्या ४ जुलैला, रॉजर्सची बायको त्याच शिडीवरून वर गेली. त्या बुरुजावर चढलेली ती पहिली स्त्री. त्या शिडीचे अवशेष आजही कड्याला दिसतात.

आता हिशोबाकडे वळू. घरात एक भिंत निवडा, कोळशाने खूण करायला कुणी रागावणार नाही अशी. पाच फूट दोन इंचांच्या माणसाला भिंतीशी उभे करा आणि हात सरळ वर करायला सांगा. बोटांची टोके साधारण साडेसहा फुटांवर पोचतील. कमरेचा पट्टा जमिनीपासून तीन फुटांच्या थोडा वर येईल. आता पाच फूट दहा इंचांच्या माणसाला उभे करा. त्याची बोटे सात फूट पाच इंचांच्या आसपास पोचतील, पण त्याची कंबरही साडेतीन फुटांवर असेल.

नवशिके लोक शिडीत चढतात ते कंबर खिळ्यापाशी येईपर्यंत. तिथे सुरक्षित वाटते, कारण कंबर खिळ्याला जखडता येते. या अवस्थेत बुटक्या माणसाची बोटे खिळ्याच्या वर साडेतीन फूट पोचतात, आणि उंच माणसाची फार तर चार फुटांच्या आतबाहेर. म्हणजे फरक किती? चारपाच इंच! आठ इंच उंचीचा फरक इथे निम्मा होतो, कारण उंच माणसाचे पायही लांब असतात आणि ते खिळ्याच्या खाली लोंबकळत फुकट जातात. आता त्याच बुटक्या माणसाला शिडीची एक पायरी वर चढवा. पायऱ्यांमधले अंतर सुमारे फूटभर असते. एका पायरीत तो उंच माणसाच्या पुढे गेला! आणि अगदी शेंड्याच्या पायरीत उभा राहिला, म्हणजे पाऊल खिळ्याच्या खाली चारसहा इंचांवर आले, तर त्याची बोटे खिळ्यापासून सहा फुटांवर पोचतात. साडेतीनाचे सहा फूट झाले. तेव्हा ताई, तुमच्या लेकीला जी वीत कमी पडते, ती तिच्या हातात कमी नाही. ती शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांत पडून आहे. ती उंच मुले खालच्या पायरीवरून काम भागवतात म्हणून त्यांना वरच्या पायऱ्या शिकाव्या लागल्या नसतील, एवढेच.

मग सगळेच शेंड्याच्या पायरीत का उभे राहत नाहीत? करून पाहा म्हणजे कळेल. कंबर खिळ्याच्या बरोबरीला असते तोवर माणूस टांगलेल्या घागरीसारखा असतो, आपोआप सरळ राहतो. पाऊल खिळ्यापाशी आले की सगळे वजन खिळ्याच्या वर जाते, आणि घागर उलटी उभी करावी तशी गत होते. अंग मागे कलंडायला बघते, हातात काही धरायला नसते, पाय थरथरू लागतात. शिलाई मशीन चालावी तसे पाय उडतात. इथेच खरी विद्या आहे.

तुमच्या गावच्या वायरमनला खांबावर काम करताना बघा. तो खांबाला मिठी मारून काम करीत नाही, तसे केले तर दोन्ही हात अडकून पडतील. कमरेचा पट्टा खांबाभोवती घेऊन तो चक्क मागे रेलतो. पट्टा ताणलेला आणि पाय खांबावर दाबलेले, या दोहोंच्या ओढाताणीत तो स्थिर राहतो, आणि दोन्ही हात मोकळे. शेंड्याच्या पायरीत उभे राहण्याची किल्ली हीच आहे. कमरेपासून खिळ्यापर्यंत एक आखूड पट्टा असतो. एकेक पायरी वर चढताना तो पट्टा तितकाच जुळवून घ्यायचा, ढिला ठेवायचा नाही. शेवटच्या पायरीत खिळा पायांशी येतो आणि पट्टा दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली जातो. आता पायांनी वर रेटायचे आणि कमरेने पट्टा ताणायचा. मांडवाचा खांब तणाव्यांमुळे उभा राहतो तसे शरीर उभे राहते. भीतीने माणूस कातळाला छाती लावायला जातो, मग पट्टा ढिला पडतो आणि तोल जातो. थोडे बाहेर रेलले की पट्टा ताणतो आणि अंग स्थिर होते. हे मनाला पटायला वेळ लागतो, म्हणून जमिनीपासून चारपाच फुटांवर, आंब्याच्या जाड फांदीला शिडी टांगून आधी सराव करावा. जिथे पडले तर हसू येईल, रडू येणार नाही, तिथेच शिकावे.

या आखूड पट्ट्याचे दोनतीन प्रकार आहेत. एकात नुसता उघडा आकडा असतो, त्याला फिफी म्हणतात. तो झटकन अडकतो आणि झटकन निघतो. म्हणून तो सोयीचा, आणि म्हणूनच नुसत्या त्याच्यावर जीव टाकू नये, ताण सुटला की तोही सुटतो. दुसऱ्यात बकल असते, टोक ओढले की पट्टा आखूड होतो. तिसरा म्हणजे डेझी चेन, एका पट्टीला शिवणीने पाडलेले ओळीने दहाबारा कप्पे. हिच्यात एक धोका लपलेला आहे, तो लेकीला आवर्जून सांगा. पट्टी आखूड करण्यासाठी एकाच कडीत दोन शेजारचे कप्पे अडकवले, आणि मधली शिवण उसवली, तर कडी पट्टीतून सरळ बाहेर येते आणि माणूस कशालाच बांधलेला राहत नाही. त्या शिवणी पूर्ण झटका सोसण्यासाठी नसतातच. दुसरे असे, की असल्या पट्ट्यांना दोरासारखी लवचिकता नसते. पट्टा ढिला ठेवून माणूस दोनतीन फूट जरी पडला तरी बसणारा हिसका भयंकर असतो. पडल्यावर झेलणे हे काम दोराचे, पट्ट्याचे नव्हे.

कडा थोडा मागे कललेला असेल तर हे सगळे सोपे जाते, कारण कातळावर तळवा टेकून तोल धरता येतो. सरळ उभ्या कड्यावर पट्ट्याचा ताण हवाच. कडा अंगावर आलेला असेल तर मात्र शेंड्याच्या पायरीचा हट्ट धरू नये. तिथे एक पायरी खाली राहूनच काम करावे आणि कमी पडणारे अंतर दुसऱ्या उपायाने भरून काढावे.

तो दुसरा उपाय म्हणजे आपली आकडी. शेळीला पाला काढायला बांबूला आकडा बांधतो ना, तीच! कोकणात आंबे उतरवायला झेला असतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यातच सुधारणा करून नूतन झेला केला, तोही याच घराण्यातला. कडा चढणारे लोक दोनअडीच फुटांची हलकी काठी जवळ ठेवतात. तिच्या टोकाला कडी उघड्या तोंडाने बसवलेली असते. कडीला शिडी किंवा पट्टा आधीच जोडायचा, काठीने कडी वरच्या खिळ्यात नेऊन अडकवायची, काठी ओढून घ्यायची आणि शिडीने वर जायचे. इंग्रजीत या काठीला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘लबाडीची काठी’ असा होतो. काही कडवे लोक तिला नाके मुरडतात. मला ते नाकाचे मुरडणे समजत नाही. कातळात लोखंड ठोकून वर जाणाऱ्याने दुसऱ्याच्या हातातल्या काठीला लबाडी म्हणावे, याला काय म्हणायचे? त्या हार्डिंगनेच रुंद चिरेत ठोकायला मेख मिळेना तेव्हा भंगारातल्या शेगड्यांचे लोखंडी पाय वापरले. आजही त्या चिरेला शेगडीच्या पायांचेच नाव आहे. जॉन सलाते हा जन्माने स्विस माणूस तर पेशाने लोहारच. मऊ लोखंडाच्या मेखा ग्रॅनाइटमध्ये वाकतात हे पाहून त्याने कठीण पोलादाच्या मेखा आपल्या ऐरणीवर घडवल्या. या खेळातली सगळी अवजारे अशीच, कुणाची तरी अडचण झाली म्हणून निघालेली आहेत.

काठीचा एक तोटा मात्र खरा आहे. काठीने ज्या खिळ्याला कडी लावली तो खिळा तुम्ही जवळून पाहिलेला नसतो. म्हणून काठी चांगल्या, ओळखीच्या बोल्टसाठी वापरावी.

मधला खिळा तुटून गेलेला असेल तर तिसरा उपाय, कातळाच्या बारीक कंगोऱ्यावर पोलादी आकडा नुसता टेकवायचा आणि त्याला शिडी टांगायची. कडा चढणारे त्याला स्कायहुक म्हणतात. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी घोरपड लावल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पुष्कळ इतिहासकार ती दंतकथा मानतात आणि घोरपडीच्या वजनाचा विचार केला तर मलाही तसेच वाटते. पण हा आकडा पाहिला की वाटते, लोकांच्या कल्पनेत घोरपड होती ती पोलादात उतरली. मात्र हे काम कसलेल्या माणसाचे, शिकाऊ मुलीचे नव्हे.

आता ताई, तुमच्या जीव भांड्यात पडण्याविषयी. मुलीला उंची किती वगैरे विचारू नका, पुढच्या गोष्टी विचारा. पहिली, खिळ्यावर पूर्ण भार टाकण्याआधी ती त्याची परीक्षा करते का? आपले चार महिने पावसाचे. कोकणाच्या बाजूला त्यात खारी हवा. साध्या लोखंडाचा बोल्ट बाहेरून बरा दिसतो आणि भोकाच्या आत गंजलेला असतो. म्हणून शिडी टांगल्यावर आधी एक पाय हलका टेकवायचा, मग भार वाढवायचा, मग हलके हिसके द्यायचे, आणि हे सगळे जुन्या भरवशाच्या खिळ्याला बांधलेले असतानाच करायचे. हिसके देताना तोंड वर करून खिळ्याकडे बघायचे नाही. निघाला तर तो सरळ तोंडावर येतो. दुसरी, डोक्याला शिरस्त्राण असते का? वरून दगड येण्याचे प्रमाण आपल्या ठिसूळ थरांत पुष्कळ. तिसरी, तिला शिकवतो कोण? हे सदर वाचून कुणी दोर घेऊन निघू नये. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, खाली सराव करूनच वर जावे. शिकवणारा माणूस अडकलेल्या मुलीला वर ओढून घेऊन हसत असेल, तर तो माणूस बदलावा. खिळा हाताला लागत नसताना शिष्याला पायरी कशी वापरावी ते न सांगणारा गुरू कसला?

आणि तिला दोन माणसांविषयी सांगा. एक लिन हिल, अमेरिकन बाई, उंची तुमच्या मुलीइतकीच, पाच फूट दोन इंच. एल कॅपिटनवरचा हार्डिंगचा तोच मार्ग, ज्यावर ४५ दिवस मेखा आणि बोल्ट ठोकले गेले, तो तिने १९९३ साली फक्त हातापायांनी, खिळ्यांवर भार न टाकता चढून दाखवला. तोवर ते कुणा पुरुषालाही जमले नव्हते. पुढच्या वर्षी तोच मार्ग तिने एका दिवसाच्या आत केला. जिथे चीर इतकी बारीक होती की पुरुषांची बोटे आत शिरत नव्हती, तिथे तिची लहान बोटे शिरली. दुसरा मार्क वेलमन. १९८२ साली डोंगरावरून पडून त्याचे कमरेखालचे अंग गेले. १९८९ साली माइक कॉर्बेट या मित्राने पुढे जाऊन दोर लावत जायचे आणि वेलमनने त्या दोरावरून केवळ हातांच्या बळावर स्वतःला वर ओढायचे, असे करीत दोघे एल कॅपिटनच्या माथ्यावर पोचले. दोरावर फक्त वर सरकणारी आणि खाली न घसरणारी एक पकड असते, जुमार. एकदा ओढले की सहाएक इंच वर. असे सुमारे सात हजार वेळा ओढून तो गडी पोचला. या जुमारचा जन्मही मजेचा आहे. जुसी नावाच्या एका स्विस माणसाला गरुडांच्या अभ्यासासाठी दोरावरून चढावे लागे, मार्टी नावाच्या सोबत्याने त्यासाठी ही पकड तयार केली, आणि दोघांच्या नावांतली अक्षरे जोडून १९५८ साली जुमार झाला.

ज्यांच्या गावात कडाच नाही त्यांनी म्हणू नये की हे आमच्या काय कामाचे. गोव्याकडचे पाडेली आणि कोकणातले नारळ उतरवणारे गडी पायांत दोरीचा फास घालून माडावर चढतात, ती रिकीबच झाली. केरळात चेंबेरी गावच्या जोसेफ यांनी नारळावर चढण्याचे जे यंत्र काढले, तेही याच हिशोबाचे. खोडाभोवती तारदोराचे दोन वेढे, प्रत्येकाला पाय ठेवायची एक पावडी. एका पावडीवर भार टाकायचा, तो वेढा आवळतो, दुसरा सैल होतो तो वर सरकवायचा, मग त्यावर भार. पाळीपाळीने भरवशाचा आधार वर नेत जायचे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून असल्या यंत्रांवर तरुण मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि परंपरेने ज्या घरांत कुणी माडावर चढत नव्हते अशा घरांतल्या बायकाही ते शिकल्या. यंत्र घेणार असाल तर कमरेचा सुरक्षा-पट्टा वेगळा मागून घ्या आणि तो खोडाभोवती टाकल्याशिवाय पाऊल उचलू नका. घरच्या बांबूच्या शिडीचे मात्र उलटे आहे, हे लक्षात असू द्या. तिच्या शेवटच्या दोनतीन पायऱ्यांवर कधीही उभे राहू नये, कारण तिथे कमरेला ताण द्यायला खिळाच नसतो. गव्हाणीच्या माळ्यावरचा कडबा काढायला हात पुरत नसेल तर आकडी घ्या.

आकडीवरून आठवले. पाला आणि फळे काढायच्या या बांबूला आमच्याकडे आकडी म्हणतात, झेला हा शब्द दक्षिणेकडचा. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात आणि बेळगावकडे याला काय म्हणतात आणि तिचे टोक कशाचे करतात, ते एका कार्डावर लिहून कळवा. चित्र काढून पाठवलेत तर फारच उत्तम.